पौर्णिमेच्या तोंडावर छाटणी

आमच्या विहारापुढचा चिनी गुलाबाचा वाफा मी केला, मी वाढवला आणि मीच छाटते. हे मी मान वर करून सांगते. सोनपेठच्या उन्हात जमिनीलगत पसरून फुलणारं एवढंसं झाड टिकवणं सोपं नाही, आणि उगाच विनय दाखवायची मला सवय नाही. मी शिवणकाम करते. नवंकोरं कापड बेतताना माझा हात थरथरत नाही, तो झाडावर कशाला थरथरेल?

यंदा एप्रिलातली जयंती झाली तेव्हा वाफा ऐन बहरात होता. लोकांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. मला मात्र जवळ गेल्यावर वेगळंच दिसायचं. फांद्या लांबच लांब सुटलेल्या, फुलं फक्त शेंड्यांना, मधोमध नुसत्या काड्या आणि माती. जुनी फुलं बी धरायला लागली होती, आणि बी धरलं की हे झाड फुलायचा आळस करतं. तसंच ठेवलं असतं तर मे महिन्यातल्या बुद्धपौर्णिमेला वाफ्यात वाळक्या दोऱ्याच राहिल्या असत्या.

त्यातच विहाराच्या समितीत अंगणभर सिमेंटचे गट्टू बसवायचं निघालं. समितीचे अध्यक्ष आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्यांना भाऊ मानतात, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. ते म्हणाले, "वाफ्याची लय कटकट हाय. पाणी लागतं, चिखल होतो. पौर्णिमेपस्तोर बघू. चांगला दिसला तर राहू दे, न्हाई तर गट्टू टाकून मोकळं होऊ."

"बरं मामा," मी म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी ऊन उतरल्यावर शिवणाची मोठी कात्री घेऊन वाफ्यात बसले. फुलं बघितली नाहीत, कळ्या बघितल्या नाहीत. चार बोटं ठेवून सगळं उतरवलं. त्यातलेच तजेलदार शेंडे मधल्या उघड्या जागेत खोचले, झारीनं बेताचं पाणी दिलं आणि हात झटकून उठले. फुलावर कात्री चालवायची म्हटलं की आमच्या गल्लीतल्या बायकांचा जीव तुटतो. माझा तुटत नाही.

सकाळी गल्लीत बोभाटा झाला. "पौर्णिमा तोंडावर आली अन् हिनं विहाराचं मुंडण केलं," असं हापशावर कोणीतरी आत्याबाईंना सुनावलं. त्या अर्धाच हंडा भरून घरी आल्या.

"मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. फुलं वाहायचा दिवस आला अन् तू फुलं कापायलीस?"

"फुलं यावीत म्हणूनच कापली, आत्याबाई."

"गप बस."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भाकरी माझ्या हातचीच खायच्या, पण मीठ लागलं तरी स्वतः उठून घ्यायच्या. मला राग यायचा. भीतीही वाटायची, कारण ऊन असं तापलं की खोचलेले शेंडे माना टाकून बसले, आणि इकडे गट्टूंचा ढीग विहाराच्या भिंतीला येऊन पडला. मी वाफ्यावर जुन्या लुगड्याची सावली बांधली. मशीनवरून उठून सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन जायचे. मग एका सकाळी प्रत्येक देठाच्या कुशीत हिरवे कोंब दिसले. मी लुगडं सोडून घेतलं आणि कोणाला काही सांगायला गेले नाही. त्यांना दिसेल तेव्हा दिसेल.

पौर्णिमेला ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून वंदना सकाळी सातला ठेवली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत आले. वाफा गादीसारखा दाट, हिरवागार, आणि उघडलेलं फूल एकही नाही. नुसत्या टोकदार कळ्या. मामांनी वाफ्याकडे बघितलं, मग गट्टूंकडे.

"पोरी, कष्ट लय केलेस. पण फुलं कुठायत?"

"मामा, ही ऊन आल्याबिगर डोळे उघडत न्हाईत. खीर वाटून होऊ द्या."

मामा हसत वंदनेला आत गेले. चिनी गुलाब दहाच्या सुमाराला उमलतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण आपण पहाटे उठून आंघोळ केली म्हणजे आज त्यानंही लवकर उठावं, अशी सगळ्यांची अपेक्षा!

वंदना झाली, भाषणं लांबली, खिरीची पातेली यायला दहा वाजले. लोक द्रोण घेऊन बाहेर निघाले तेव्हा वाफा उन्हात आला होता. एका कडेनं सुरुवात झाली. राणी रंगाचं, पिवळं, नारंगी, पांढरं, आणि बघता बघता माती दिसेनाशी झाली. जिथे काड्या होत्या त्या मधल्या जागेत सगळ्यात दाट. लोक खीर खायची थांबून बघायला लागले. मामा वाफ्याला एक फेरी घालून आले आणि म्हणाले, "गट्टू मागं संडासाकडं टाका. चिखल खरा तिकडंच होतो." मीच शिवलेला ब्लाउज मला त्या घडीला तंग वाटायला लागला, इतकी छाती फुगली.

तेवढ्यात पिंगळीहून आलेली एक पाहुणी वाफ्यापाशी वाकली. "एवढं दाट कसं काय आलं ओ?" तिनं मला विचारलं. मी तोंड उघडणार, तोच आत्याबाई द्रोण सावरत मध्ये शिरल्या.

"कापावं लागतं," त्या तिला म्हणाल्या. "फुलं असतानाच कापावं लागतं. लय जिवावर येतं बाई, समद्यांला जमत न्हाई. आमची सून कापती."