राणीघरातलं दूध

जोतिरामाचं बूड जमिनीला टेकलेलं कुणी बघितलंय का, असं खानापूर भागातल्या त्या वाडीत एकमेकांना विचारायचे आणि हसायचे. माणूस जेवायचासुद्धा एक गुडघा वर ठेवून, जणू कुणी हाक मारली की ताट सोडून धावायचंय. बारा वर्षं निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली केली, तिथंही मुकादम म्हणायचा, ह्याच्या पायाला भिंगरी बांधलीया. वखार सोडून तो गावी आला बायकोपायी. अंबुबाईला रोज तिन्हीसांजेला बारीक ताप यायचा आणि अंगावरचं मांस दिवसागणिक उतरत चाललं होतं. बेळगावच्या डॉक्टरनं पुड्या दिल्या, विश्रांती द्या म्हणाला, आणि पुढं काही बोलला नाही. तो जे बोलला नाही ते जोतिरामाला बरोबर कळलं. तेव्हापासून त्याची झोप उडाली.

अंबुबाई नेमकी उलट. परड्यात फणसाखाली तिची लाकडी मधपेटी होती. पेटीत माश्या पाळायचं शिकवायला बेळगावहून मारुतीराव मास्तर यायचे, त्यांनी दिलेली. रानातलं सातेरी माशीचं मोहोळ तिनं आपल्या हातानं त्यात भरलं होतं. दुखणं लागल्यावरही ती घोंगडं पांघरून पेटीशेजारी बसून राहायची. माश्या पायाला फुलांची पिवळी पिठी लावून आत शिरायला लागल्या की तिचा चेहरा खुलायचा. पिठी आत चालली म्हणजे आत पोरंबाळं हायेत, म्हणायची. तिला स्वतःला मूल नव्हतं, पण त्याचं रडगाणं गाणारी ती बाई नव्हती. नवऱ्याला एवढंच म्हणायची, जरा बसा की हितं. तो "व्हय व्हय" म्हणायचा आणि कुणा वैद्याचं नाव ऐकून काकतीकडं सुटायचा.

त्या माघात मास्तर आले आणि बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेले. राणीमाशी आणि कामकरी माशी, दोघींची अळी एकच. पण जिला राणी करायचं तिच्यासाठी पोळ्याच्या कडेला बोंडाएवढं राणीघर बांधतात आणि त्यात पांढरं, दाट दूध भरतात. ते दूध खाऊन वाढलेली राणी दोन-तीन वर्षं जगते, बाकीच्या सव्वा-दीड महिन्यात मरून जातात.

झालं! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, जोतिरामाला तर अख्खा वासा सापडला. बाकीचं त्यानं खोदून खोदून विचारून घेतलं. राणी उचलून बाजूला ठेवली की माश्या घाबऱ्या होऊन नवी राणीघरं बांधायला घेतात. चौथ्या दिवशी ती दुधानं भरलेली असतात. मास्तर म्हणाले, हे माणसाचं औषध आहे असं काही मी म्हणत नाही बरं का. पण ते ऐकायला जोतिराम जागेवर होता कुठं!

अंबुबाईचा डोळा लागला असताना त्यानं राणी धरली आणि काड्यापेटीत ठेवली, सोबत चार माश्या आणि मधाचा थेंब. चौथ्या दिवशी राणीघरं फोडून, अळ्या टाकून, खराट्याच्या काडीनं दूध खरवडलं. निघालं किती, तर चिमूटभर. मग राणी परत सोडली, माश्यांनी घेतली. दूध मधात कालवून बायकोला औषध म्हणून चाटवलं. आंबट, जिभेला चरचरणारं. तिनं तोंड वाकडं केलं, पण काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सबंध भाकरी जेवली. भाकरी गेली ती दुधानं की तोंडी लावायला केलेल्या ओल्या मिरचीच्या खर्ड्यानं, देव जाणे. जोतिराम मात्र गावभर नाचायचा बाकी राहिला.

पंधरा दिवसांनी तिचा ताप पुन्हा चढला आणि त्यानं पुन्हा राणी धरली. लढाईचं साल, काड्यापेटी मिळायची मारामार. मग त्यानं आपली तंबाखूची डबी रिकामी केली, धोतराच्या सोग्यानं तीनदा लख्ख पुसली, हुंगूनही बघितली. वास कसला तो येईना. कसा यावा? बारा वर्षं वखारीत तंबाखूची पोती वाहिलेलं नाक ते!

चौथ्या दिवशी त्यानं नऊ राणीघरं खरवडली आणि राणी पेटीत सोडली. माश्या तिच्यावर तुटून पडल्या. लिंबाएवढा गोळा झाला नुसता. त्यानं पाणी शिंपडून गोळा फोडला तोवर राणी मेली होती. करायला गेला गणपती आणि झालं माकड. आत राणी नाही, राणीघर नाही, आणि पेटी कुणाची, तर अंबुबाईची. लाजेनं त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना. पहाटे उठून तो बेळगावला चालत सुटला.

मास्तरांनी डबी नाकाला लावली मात्र, तोंड फिरवलं. म्हणाले, अहो, परक्या वासाची राणी माश्या घरात घेतील होय? मग धीर दिला. राणीनं शेवटी घातलेल्या अंड्यांच्या अळ्या अजून कोवळ्या असतील, त्यांतून माश्या पुन्हा एखादं राणीघर बांधतील. ते तेवढं शेवटचं. त्याला बोट लावायचं नाही आणि एकवीस दिवस पेटी उघडायची नाही.

पण जोतिरामाला कुठला दम! दोन दिवसांनी त्यानं पेटी उघडली, आणि खरंच, पोळ्याच्या कडेला दोन राणीघरं लोंबत होती. आत पांढरं दूध चमकत होतं. घरात अंबुबाई तापानं फणफणत होती. दूध काढलं तर मोहोळ गेलं, आणि नाही काढलं तर? काडी हातात धरून तो पेटीभोवती फिरायला लागला. परड्यातलं गवत मेलं त्याच्या फेऱ्यांनी. शेवटी त्यानं काडी आत घातली.

"ऱ्हाऊ द्या ती," मागून आवाज आला. अंबुबाई भिंत धरत दारापर्यंत आली होती. "मला ठाव हाय तुमी मला काय चाटवलंय ते. माश्या माझ्या हायेत न्हवं? दोन दिस नुसत्या सैरभैर हिंडत हुत्या, तवाच समजलं."

"अगं पर तुझ्यासाठनंच..."

"मला राणी न्हाय व्हायाचं. किती दिस ऱ्हायलेत ते ऱ्हायलेत. तुमी बसा हितं."

जोतिरामानं पेटी मिटली आणि बसला. मांडी घालून, दोन्ही गुडघे खाली. सुरुवातीला पाय आपोआप हलायचे, हात पेटीकडं जायचा. अंबुबाई तो हात धरून ठेवायची. तंबाखू त्यानं त्याच दिवशी सोडली. सोळाव्या-सतराव्या दिवशी त्याला पहिल्यांदा जांभळाच्या मोहराचा वास आला, मग तिच्या केसांतल्या तेलाचा. लगीन होऊन अठरा वर्षं झाली होती आणि हा वास त्याला ठाऊक नव्हता. तो रडला. तिनं रडू दिलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी एक माशी पायाला पिवळी पिठी लावून आत शिरली. मग दुसरी, मग रांगच लागली. अंबुबाईनं बोट करून दाखवलं. मिरगाच्या आधी आठ दिवस ती गेली, फणसाखालीच, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून.

जोतिराम दुधाला पुन्हा शिवला नाही. पण राणीचं दूध काढणारा म्हणून त्याचं नाव पंचक्रोशीत झालं ते झालंच. निपाणीच्या एका शेठजीनं टांगा पाठवला, त्याला यानं उभंही केलं नाही. एकदा कुणी शामू म्हणून बारा कोसांवरून धावत आला. बायको अंथरुणाला खिळलीया, आप्पा, तेवढं दूध द्या, म्हणून पायच धरायला लागला. बोलताना सुद्धा त्याचा एक पाय दारात आणि एक पाय वाटेवर. जोतिराम त्या पायांकडंच बघत राहिला.

"घरात तिच्याजवळ कोण हाय?" त्यानं विचारलं.

"कोण न्हाय, आप्पा."

"मग तू हितं काय करतुयास रं?"