रेवाच्या चेहऱ्यावरचं ऊन

शुक्रवारी आमच्या टेमघरच्या गल्लीतले यंत्रमाग थांबतात, तेव्हा आठवडाभर खडखडाटाखाली दबलेले वास हळूच वर येतात. कांजीचा आंबूस, तेलाचा कडवट आणि उन्हात तापलेल्या सुताचा. अशाच एका शुक्रवारी दुपारी मी एका माणसाला चोर ठरवलं.

मी डिजिटल चित्रं काढते. लोक मनातली पात्रं शब्दांत सांगतात, मी त्यांना चेहरा आणि रंग देते. या गिऱ्हाइकाला मी कधी पाहिलं नव्हतं. नावाशेजारी फक्त खंड्या पक्ष्याचं चित्र. त्याला हवी होती रेवा, तो लिहीत असलेल्या कथेतली, सकाळच्या उन्हात होडी वल्हवणारी मुलगी. रेषा त्याला लगेच आवडल्या, रंगांवर मात्र तो तीनदा अडला. ‘हिच्यावर ऊन पडत नाही,’ एवढंच लिहायचा. सावली काळी नसते, तिच्यात आभाळाची निळाई उतरते, हे मी वर्षभर हात घासून शिकले होते, आणि हा कोण मला ऊन शिकवणारा? चौथ्यांदा त्याने रेषा, रंग, सावल्या सुट्या असलेली मूळ फाईलच मागितली, ‘मीच रंग बदलून पाहतो’ म्हणून, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पूर्वी माझं एक चित्र दुसऱ्याच्या नावाने मिरवताना मी पाहिलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चित्रकारांच्या ग्रुपवर मी त्याच्या नावासकट लिहिलं, की हा चित्रं लाटतो, याचं काम घेऊ नका. दोघींनी त्याचं काम सोडल्याचं लगेच कळवलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

तेवढ्यात फुफी, म्हणजे माझी आत्या, सांदणांचा डबा घेऊन आली. कौतुकाच्या आशेने मी तिला मोबाइलवर रेवा दाखवली.

“ओठ निळे पडलेत गं हिचे. पोरगी आजारी हाय काय?”

मी तिला ओढतच, मी चित्रं काढते त्या कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी नेलं. “इथं बरी दिसते,” ती म्हणाली, आणि नखाने पडद्याचा कोपरा खरवडला. “हे प्लास्टिक कवाचं? पार पिवळं झालंय.”

मागावरून उडणारी सुताची तूस बसू नये म्हणून आमच्याकडे टीव्हीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यावर प्लास्टिक असतं. पडद्यावरही मीच ते चिकटवलं होतं आणि विसरले होते. ते इतकं सावकाश पिवळं पडत गेलं, की तो पिवळेपणा मारण्यासाठी मी प्रत्येक चेहऱ्यात निळा वाढवत राहिले आणि त्याला प्रगती समजले. सोलून काढलं, तर समोर भर उन्हात काकडलेली रेवा होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ग्रुपवर चूक कबूल केली. पहिल्या मजकुराला मिळाले तेवढे वाचक या कबुलीला मिळाले नाहीत. रेवा पुन्हा रंगवली, आणि त्याला सुट्या थरांसकट पाठवली. उत्तर आलं, ‘आता ऊन पडलं. आभारी आहे.’ बाकी चकार शब्द नाही. त्याने माझा मजकूर वाचला असेल का? वाचला असेल, तर इतक्या सहज कोण सोडून देतं?

आता पडदा उघडाच असतो, रोज सकाळी मी तूस पुसते. आणि पुसून झालं, की रेवा कुठे दुसऱ्याच्या नावाने फिरत नाही ना, हेही एकदा शोधून पाहते.