उन्हावर धरलेली साडी

"म्हाताऱ्या, डोळ्याला रुमाल बांध आणि हात वर धर."

धाकटे शेठ म्हणाले आणि मी बांधला. सत्तरी उलटलेला माणूस. स्विमिंगच्या हौदाच्या काठावर, भर उन्हात, अनवाणी, डोळे बांधून उभा. हातात चंदेरी फळी. तिच्यावर ऊन घेऊन ते फोटोतल्या पोरीच्या तोंडावर पाडायचं.

गंगापूर धरणाच्या अंगाला शेठचं फार्महाऊस. मी तिथला राखणदार. धाकट्या शेठनं पोहायच्या कपड्यांचा धंदा काढला होता. आधीचे फोटो वाईट आले. पोरीच्या डोळ्याखाली काळं, कापडाचा रंग उडालेला. म्हणून मुंबईहून नवा फोटोवाला आणला. माणूस कमी पडला, तर मला धरलं.

"ही माणसं टक लावून बघतात," धाकटे शेठ त्याला म्हणाले. माझ्यासमोरच. फोटोवाला हसला.

मी आपणहून मान खाली घातली असती. ती पोरगी माझ्या नातीच्या वयाची. मला सांगायची गरज नव्हती.

ती मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "काका, पाय भाजतायत ना? माझे पण."

ऊन डोक्यावर आलं. फोटोवाला कुरकुरला. ऊन कडक आहे, वर पातळ पांढरं कापड धरलं तर मऊ होईल. त्याचं कापड मुंबईलाच राहिलं होतं. धाकटे शेठ कुठं तरी गेले, एक कापड घेऊन आले. माझे डोळे बांधलेलेच. वाऱ्यानं ते फडफडायला लागलं. म्हणून हौदात बुडवलं. एक बाजू बांबूला बांधली, दुसरी माझ्या हातात दिली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. हौदात टाकतात त्या औषधाचा वास.

"वा," फोटोवाला म्हणाला. "आता बघा कातडी कशी दिसते." कॅमेरा खटखट वाजायला लागला.

मी कापड सावरायला गेलो आणि अंगठ्याखाली गाठ लागली.

माझी बायको फाटलेलं शिवायची तेव्हा दोऱ्याची गाठ वरच्या बाजूला सोडायची. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं. लेक हसायची, आई, गाठ आत लपवायची असती. ती म्हणायची, मला हाताला लागाया पायजे.

माझ्या हाताला लागली.

तिची विहारात जायची पांढरी साडी. पौर्णिमेला नेसायची. ती जाऊन वर्ष होत आलेलं. तिच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला फोटोखाली टेबलावर तीच अंथरायची म्हणून मी सकाळी धुऊन खोलीबाहेर दोरीवर टाकली होती.

तिनं हा हौद घासला. जन्म गेला तिचा इथं. एका उन्हाळ्यात पायऱ्या घासून झाल्यावर काठाला बसली. पाय सुजलेले. ते पाण्यात सोडले. मोठ्या बाईंनी बघितलं. ओरडल्या नाहीत. हौद रिकामा करायला सांगितला. आम्ही दोघांनीच उपसला, आम्हीच घासला. घासता घासता ती एवढंच म्हणाली, "पाणी त्यांचं नाय वो. धरणाचं हाय."

तिच्या पायानं हौद बाटला. तिच्या साडीनं बाटला नाही. साडी कामाची होती.

मी रुमाल सोडला. ऊन डोळ्यात घुसलं.

"ही माझ्या बायकोची साडी हाय. सोडा."

धाकटे शेठ म्हणाले, "अरे, धुऊन देतो. दोन नव्या घेऊन देतो. पाच मिनिटं थांब, नाहीतर हे ऊन जाईल."

"जाऊ द्या ऊन."

बांबूची गाठ मीच सोडली. ओली साडी एकट्याला पिळता येईना. पोरगी अंगाला टॉवेल गुंडाळून पुढं आली, दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी एक पीळ घातला असेल. शेठ तिच्यावर खेकसले, तू जागेवर उभी राहा. तिनं टोक सोडलं. गेली. तिलाही पोट आहे. मी तिला बोल लावत नाही.

संध्याकाळी खोली रिकामी करायला लावली.

आता एकलहऱ्याला लेकीकडे राहतो. एका खोलीत पाच माणसं, त्यात मी. या वयाला काम कोण देणार? गेटावर विचारतो, तरुण पाहिजे म्हणतात. बायको गेली तेव्हा वाटलं होतं, अजून काय जायचं राहिलंय. राहिलं होतं.

लेकीनं मोबाईलवर ते फोटो दाखवले. लय चांगले आलेत. पोरीच्या खांद्यावर दुधासारखा उजेड. ते ऊन माझ्या बायकोच्या साडीतून गाळून पडलेलं आहे. बघणाऱ्याला काय माहीत.

पुण्यानुमोदनाला तीच साडी अंथरली. औषधाचा वास येत होता. लेक म्हणाली, पुन्हा धुते. नको म्हणालो. वासावरून कुणी विचारलं तर सांगतो, कुठं बुडवली ते.

जावई वाईट नाही. त्याचं त्याला पुरत नाही. परवा म्हणाला, "मामा, जाऊन पाय धरा. ठेवतील परत."

"नाय," मी म्हणालो.

तो रुमाल तिथंच हौदाच्या काठावर पडलाय. माझाच होता. उपाशी मेलो तरी तो उचलायला जाणार नाही.