टेपवाल्या मॅडम

बाकीच्या डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असायचा, आमच्या मॅडमच्या गळ्यात शिंप्याची टेप. पिवळी, कापडी, एका टोकाची पत्र्याची पट्टी निघालेली. वॉर्डात शिरल्या की पहिल्या खाटेवरच्या माणसाचा दंड धरायच्या, टेप गुंडाळायच्या, मग पांघरूण सारून पोटरी मापायच्या. नव्या पेशंटच्या नातेवाइकांना वाटायचं, हॉस्पिटल बहुतेक कपडे शिवून देतंय. जुईनगरच्या एका आजोबांनी तर दंडाचं माप देऊन झाल्यावर, "बाही जरा सैल ठेवा हां," म्हणून बजावलं होतं. मॅडम इतक्या हसल्या की मापाचा आकडा विसरल्या आणि पुन्हा टेप लावावी लागली.

मी तेव्हा नुकतीच आहारशास्त्र शिकून बाहेर पडले होते आणि कामोठ्याहून रोज त्या हॉस्पिटलात जायला लागले होते, मॅडमच्या संशोधनात मदतनीस म्हणून. विषय ऐकून बाबा म्हणाले, "हॉस्पिटलात कुपोषण? ते पाड्यांवर असतं ना गं?" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पण मॅडम पहिल्याच दिवशी मला घेऊन तीन मजले फिरल्या, जवळजवळ पळतच. म्हणाल्या, "ही सगळी शिकली-सवरलेली, फ्लॅटमधली माणसं आहेत बघ. आजारपणात अंग आतून खचलंय आणि कुणाच्या लक्षातच नाही. आपण ती भरती झाल्या झाल्या ओळखायची, नीट खायला घालायचं आणि त्यानं बरं होण्यात फरक पडतो का, ते मोजायचं. औषधाला अंगात बसायला जागा नको व्हय?" त्या मूळच्या सांगलीकडच्या. राहायच्या खांदेश्वरला, पण उत्साह चढला की बोलण्यात सांगली उतरायची. आणि उत्साह त्यांना दिवसातून निदान दहादा चढायचा.

भांडायचं झालं तरी त्या उत्साहानंच भांडायच्या. स्कॅनसाठी पेशंटला उपाशी ठेवायचं, दुपारी मशीन मोकळं नाही म्हणून सांगायचं आणि उद्या पुन्हा उपाशी ठेवायचं, हा प्रकार सगळीकडे चालतो. एका आजींचं असं झालं तेव्हा मॅडम स्वतः स्कॅनच्या खोलीबाहेर जाऊन बसल्या. तिथल्या मुलानं विचारलं, "मॅडम, तुमचा पेशंट कुठेय?" त्या म्हणाल्या, "मीच. मीही सकाळपासून काही खाल्लं नाही. बघू या, कुणाला आधी चक्कर येते." मुलगा टेन्शनमध्ये आला, आणि पुढच्या अर्ध्या तासात आजींचा नंबर लागला. परतीच्या जिन्यावर मला टाळी देत म्हणाल्या, "अगं, सकाळी चांगली दोन थालीपिठं हाणून आलेय मी!"

या सगळ्यात मला कायमचे लक्षात राहिले ते धर्माकाका. खाडीकाठच्या गावातले आगरी गृहस्थ. एके काळी भातशेती केलेली, मिठागरावर राबलेले, आता शेतीच्या जागी चार मजली बिल्डिंग आणि भाडेकरू. अंगापिंडानं दणकट, आवाज खणखणीत. जठरात गाठ निघाली होती म्हणून ऑपरेशनसाठी भरती झालेले. त्यांच्याकडे बघून कुपोषण हा शब्द कुणाच्याही मनात आला नसता. मीसुद्धा पुढच्या खाटेकडे वळले होते. मॅडम मात्र त्यांच्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. बोटात सोन्याच्या दोन जाड अंगठ्या होत्या आणि दोन्हींना आतून दोरा गुंडाळलेला होता.

"दोरा कशाला ओ काका?"

"परतान," काका म्हणाले. पडतात, असं त्यांना म्हणायचं होतं. "एकदा मोरीन गेली व्हती."

झालं! मॅडमनी टेप काढली, प्रश्नांवर प्रश्न सुरू केले. शर्ट कधीपासून लोंबायला लागला, भात किती कमी झाला, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का. दहा मिनिटांनी त्या खाटेवरून उठल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. सर्जनसाहेबांना त्यांनी कॉरिडॉरमध्येच गाठलं. सर्जन चांगले होते, पण घाईचे. सगळं ऐकून म्हणाले, "ऑपरेशन टेबलावर हा माणूस टिकेल. पण नंतर जखम भरून यायला अंगात काही हवं ना. दोन आठवडे देतो. ताकद आली तर कापतो, नाहीतर तसंच कापावं लागेल, आणि मग देवावर भरवसा." गाठ थांबणार नव्हती. धर्माकाकांच्या हातात तेवढेच दिवस होते.

मॅडमनी कंबर कसली. दोन-दोन तासांनी थोडं थोडं खाणं, दुधात प्रथिनांची पावडर, अंडं, मऊ खिचडी, डाळीचं घट्ट पाणी. काका तोंड वाकडं करायचे. "म्याडम, भूकच नाय लागत. पोटान दगर बसलाय. खाऊ तरी कसा?" मॅडम खाटेच्या कडेला बसून समजावायच्या आणि उठताना त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणायच्या. ते त्या ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटला म्हणायच्या. "ताट रिकामं दिसलं पाहिजे मला. ताट रिकामं, तरच ऑपरेशन!" काकांच्या बायको, जनाकाकू, उशाशी स्टुलावर बसलेल्या असायच्या. त्या मान हलवायच्या.

आणि ताटं रिकामी यायला लागली. अगदी लख्ख! खिचडीचं शीत राहायचं नाही, दुधाच्या पेल्याला साय चिकटलेली दिसायची नाही. मी आनंदानं नोंदी करत होते. पण वजन हलेना. उलट थोडं उतरलंच. दंडाचं माप तसंच. मॅडम चक्रावून गेल्या. खाल्लेलं जातंय कुठे? पुन्हा रक्त तपासलं, पावडर बदलली. सर्जन येता-जाता घड्याळाकडे बघत म्हणायचे, "मग, काय ठरतंय?" नाकातून नळी घालायची गोष्टही निघाली, आणि ती ऐकल्यापासून काका भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले.

शेवटी एका दुपारी मॅडम आपला डबा घेऊन सरळ त्यांच्या खाटेपाशी आल्या. "आज मी इथंच जेवणार," म्हणाल्या. ताट आलं. काकांनी दोन घास घेतले आणि थांबले. जनाकाकू मॅडमकडे बघेनात. मॅडम आपली पोळी-भाजी खातायत, ताट तसंच निवतंय. मॅडम उठायचं नाव घेत नाहीत म्हटल्यावर काकूंचा धीर सुटला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मीच खाते, म्याडम. सगला मीच खाते. यांना जात नाय. ताट भरलेला परत गेला तं आपरेशन नाय करनार, असा तुमीच बोललाव ना? मंग मी काय करू? मना पन नाय जात, डोले मिटून गिलते."

आता मॅडम भडकणार, असं मला वाटलं. मॅडमनी डबा खाली ठेवला, गळ्यातली टेप काढली आणि काकूंच्या दंडाला गुंडाळली. काकू इतक्या गोंधळल्या की रडायच्या थांबल्या. मॅडम आकडा बघत म्हणाल्या, "चांगली तब्येत धरलीय की ओ काकू! म्हणजे जेवणात दम आहे आमच्या!" आणि त्या हसायलाच लागल्या. आधी काका हसले, मग काकू, मग आजूबाजूच्या खाटा.

वॉर्डाबाहेर आल्यावर मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला. "चूक त्यांची नाही गं. मी रिकामं ताट मागितलं, त्यांनी रिकामं ताट दिलं. आणि असं करणारी ही एकच बाई असेल का?" संध्याकाळपर्यंत आम्ही अभ्यासातले दोन्ही वॉर्ड पालथे घातले. आणखी कितीतरी खाटांपाशी असंच चाललं होतं. कुणाची बायको संपवायची, कुणाचा लेक, सगळी बिचारी पेशंटच्या भल्यासाठीच. इतक्या महिन्यांच्या नोंदी मातीमोल झाल्या होत्या. माझा चेहरा उतरला. मॅडमचा नाही. "अगं, रडतेस काय! हे सापडलं नसतं तर खोटंच छापलं असतं आपण. सगळं काढून टाक. उद्यापासून नव्यानं. आता ताट नाही बघायचं, माणूस जेवताना त्याच्याशेजारी बसायचं." त्यांना खरोखरच आनंद झाला होता, तो काही मला धीर देण्यापुरता नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कँटीनकडून जनाकाकूंसाठी वेगळं ताट सुरू करून घेतलं. काकूंनी काकांसमोर बसून जेवायचं, आणि काकांच्या ताटातलं उरलं तर उरू द्यायचं. मग काकांना विचारलं, "घरी आजारी पडलात की काय खात होता?" काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. "निवटीचा कालवन." खाडीच्या चिखलात मिळणारी ती छोटी मासळी. मी कधी चाखलेली नव्हती, मॅडमनी तर बघितलेलीही नव्हती. पण काकूंशी बोलून त्यांनी मिरची अगदी नावाला ठेवायला लावली, काटे काढायला लावले, भात मऊ गुरगुट्या करायला लावला. भातात पावडर कशी मिसळायची तेही शिकवलं. घरून डबा यायला लागला. पहिल्या दिवशी काकांनी पाच-सहा चमचे खाल्ले आणि मॅडमनी वॉर्डात टाळ्या वाजवल्या. सिस्टर ओरडल्या, "मॅडम, हळू! पेशंट झोपलेत!"

सर्जनकडून त्यांनी आणखी थोडे दिवस भांडून मागून घेतले. पेल्यापेल्यानं, चमच्याचमच्यानं काका सावरत गेले. खाणं अजून त्यांना कामासारखंच वाटायचं, मॅडम सांगतात म्हणून करायचं. पण वजनाचा काटा वर सरकला, काका कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालून यायला लागले आणि सर्जनसाहेब एका सकाळी म्हणाले, "चला, घेऊ या यांना."

पुढे तो अभ्यास नव्यानं पुरा झाला, छापूनही आला. मॅडम वर्षभरातच सांगलीकडे निघून गेल्या, तिथल्या एका लहान हॉस्पिटलात हेच काम सुरू करायला. जाताना निरोप-समारंभ करू दिला नाही. रिक्षात बसता बसता माझा दंड दाबून बघितला आणि "वाळलीस," म्हणून रागावल्या. आज त्या हॉस्पिटलाचा आहारविभाग मी बघते. आमच्याकडे पेशंटबरोबर राहणाऱ्याला ताट मिळतं, आणि ताट उचलताना किती उरलं म्हणून कुणी कुणाला दटावत नाही. मॅडमची फार आठवण येते. मन लावून शिकवणारं माणूस शेजारून उठून गेलं की काय होतं, ते मी दुपारी जेवणाच्या वेळी रोज अनुभवते.

पण आठवते ती रिक्षा नाही. आठवते काकांच्या ऑपरेशननंतरची पाचव्या दिवसाची सकाळ. सर्जनसाहेब राउंडला आले होते, मॅडम आणि मी मागे. टाके सुरेख भरत होते. साहेबांनी पोट तपासून विचारलं, "दुखतंय का?"

"दुखतंय तं दुखूंदे," काका म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण धार तीच. "डाक्टर, भूक लागलीय. जेवाला कवा देनार?"

साहेब हसून म्हणाले, "आज नुसतं पातळ." काका जनाकाकूंकडे वळून कुरकुरायला लागले. मी मॅडमकडे बघितलं, तर त्या तिथे नव्हत्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता. मला बघून त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले.

"मागितलं गं त्यांनी," त्या म्हणाल्या. "ऐकलंस ना? आपण होऊन मागितलं!"