पालखी कुणाच्या फ्लॅटवर?

आमच्या ह्यांना देवाची ओढ फार, फक्त देव लांबचा हवा. गाडीनं तासाभरात पोचता येईल अशा देवाबद्दल त्यांना विशेष आदर नाही. निवृत्त झाल्यापासून आम्ही ज्योतिर्लिंगं उरकली, धामं उरकली, दक्षिणेतली गोपुरं उरकली. फ्रीजच्या दाराचा रंग कोणता होता ते आता आठवत नाही, कारण प्रत्येक देवस्थानाचं एकेक चुंबक त्यावर बसलं आहे.

ह्या सगळ्या यात्रांमधून मला नीट आठवतात त्या पुढच्या माणसांच्या पाठी. पहाटे उठायचं, रांगेत उभं राहायचं, गाभाऱ्यापाशी पोचलं की पाठीवर एक हात पडतो आणि 'चलो, चलो, आगे' ऐकू येतं. देव कुठल्या बाजूला होता हे बाहेर आल्यावर एकमेकांना विचारायचं. हे मात्र बाहेर येतात ते व्हीआयपी पास कसा स्वस्तात पडला ते सांगत. इतकं समाधान त्यांना दर्शनानंही होत नसावं.

राहतो आम्ही सूसला, शहर नुकतंच येऊन पोचलेल्या गावात. नातेवाइकांना सांगताना हे 'बाणेरला लागूनच' म्हणतात. सोसायटीत व्हिजिटर पार्किंगच्या कडेला एक जुना उंबर आहे. बिल्डरनं तो तोडला नाही, भोवती पांढरे गोटे घालून 'झेन कॉर्नर' अशी पाटी लावली. गोट्यांच्या मधोमध दगडी ओटा आहे. त्यावर लोक हेल्मेट ठेवतात.

त्या ओट्याची मालकीण मला भेटली ती चैत्रात, गावच्या जत्रेच्या आधी. मालकीण म्हणजे जमीन विकण्यापूर्वीची. मागच्या गल्लीत तिच्या मुलानं इमारत बांधली आहे, खाली गाळे, वर भाड्याच्या खोल्या, मधे आजी. हे सोसायटीचे सेक्रेटरी आहेत असं कळल्यावर ती आमच्या दाराशी आली. आत येऊन बसा म्हटलं तर उंबऱ्यातच टेकली.

"ताई, औंदा तरी देवाला आत येऊ द्या," ती म्हणाली. "भैरवनाथाच्या पालखीचा इसावा हाय तितं, उंबराखाली. आमचं घर हुतं ना त्या जागंला. मी सून म्हनून आले तवापासनं पयला निवद माजा. गेल्या साली पालखी तुमच्या गेटावरनं माघारी गेली. औंदा बी गेली तर पंच मान दुसऱ्या भावकीला देनार हायेत."

"जमीन विकताना लिहून घेतलं होतं का?" ह्यांनी आतून विचारलं.

"देवाचं काय लिवून घ्यायचं," आजी म्हणाली. "त्यो काय पळून जातोय व्हय."

मला तिचं म्हणणं पटलं आणि मी ह्यांच्या मागे लागले. कमिटीची बैठक झाली. गुलालानं पेव्हर ब्लॉक खराब होतील, हा पहिला मुद्दा. ढोलानं कुत्री बिथरतील, हा दुसरा. एकानं विचारलं की आज भैरवनाथ आला, उद्या आणखी कुणी आलं तर? देवाला असा पायंडा पाडू देणं त्याला धोक्याचं वाटत होतं. शेवटी सातव्या मजल्यावरची एक तरुण आई म्हणाली, "बट इट्स सो ऑथेंटिक, किड्सना एक्स्पोजर मिळेल." लगेच ठराव मंजूर झाला. गुलाल नको, नारळ फोडणं नको, आणि पालखी लवकर उठवावी.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी बाल्कनीतून पाहत होते. ढोल वाजत पालखी गेटपाशी आली आणि थांबली. वॉचमन ओडिशाचा, कामाला चोख. त्यानं पालखीला नमस्कार केला आणि मला फोन लावला.

"मॅडम, भगवान किसके यहाँ जाएँगे? ॲप में फ्लॅट नंबर डालना पड़ता है."

"आमचा टाक," मी म्हटलं.

लगेच आमच्या दोघांच्याही फोनवर ॲपची सूचना आली. 'आपल्याकडे पाहुणे आले आहेत: भैरवनाथ. प्रवेश द्यायचा?' कारणाच्या रकान्यात त्यानं 'गेस्ट' निवडलं होतं. दुसरे पर्याय डिलिव्हरी, टॅक्सी आणि कामवाली असे होते, म्हणजे त्यानं डोकं चालवलं म्हणायचं. मी परवानगी दिली आणि धावत खाली गेले.

खाली पाहते तो आमच्या ह्यांनी रांग लावलेली. इतक्या देवस्थानांचा अनुभव एकदाचा उपयोगी पडत होता. पार्किंगचे प्लॅस्टिकचे शंकू, त्यांना बांधलेली दोरी, गळ्यात सेक्रेटरीचा बिल्ला, हातात सोसायटीचा भोंगा. पालखी ओट्यावर टेकली होती. गावातली माणसं बाजूला घाम पुसत उभी होती आणि आख्खी सोसायटी पालखीबरोबर सेल्फी काढत होती. फोटो काढणाऱ्याला हे काही म्हणत नव्हते.

रांगेत मधेच आजी होती. नवं लुगडं, डोईवर पदर, हातात ताट, ताटात पुरणपोळी आणि नारळ. ती ओट्यापाशी पोचली आणि ताट ठेवायला वाकली.

"आजी, नुसता नमस्कार करा आणि पुढे चला," हे भोंग्यातून म्हणाले. "थांबू नका. बाहेरचा रस्ता दुसऱ्या गेटनं."

तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ह्यांचा हात तिच्या पाठीवर पडला, अगदी तोच, गाभाऱ्यातला हात. ताटासकट ती दोरीच्या कडेकडेनं बाहेर गेली. मी हाका मारत होते, पण ढोलापुढे माझं काय ऐकू येणार. मला ह्यांचा इतका राग आला की भोंगा हिसकावून घ्यावासा वाटला.

गर्दीतून वाट काढत मी ह्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांचा फोन वाजत होता. त्यांनी न बघता 'नकार' दाबला आणि भोंगा पुन्हा तोंडाशी नेला. "मंडळी, वेळ झाली. आता पालखी उचला."

चौघं पोरं खांद्याला दांडे लावून वाकली. पालखी हलली नाही.

"जड झाली," त्यातला एक म्हणाला.

गावात ह्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. काहीतरी राहून गेलं की पालखी जड होते. सोसायटीला कळलं नाही. जिमला जाणारे आमचे दोन शेजारी पुढे आले. पोरांनी त्यांना दांड्याला हात लावू दिला नाही.

"निवद कुटं हाय?" एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं. "आजी कुटं गेली?"

मी ह्यांच्या हातातला फोन घेऊन पाहिला. 'आपल्याकडे पाहुणे आले आहेत: आजी. प्रवेश नाकारला.' मी तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी वाचलं, मग भोंगा खाली ठेवला.

आम्ही दोघं गेटवर गेलो. आजी उन्हात उभी होती, ताटावर पदर धरून. वॉचमन ओशाळला होता. "मैंने पूछा, किसके यहाँ जाना है. बोलती हैं, माझ्या घरी. ऐसा फ्लॅट ही नहीं है, इसलिए आपका डाला."

त्यानं आजीचं नाव पुन्हा टाकलं, ह्यांनी फोनवर परवानगी दिली, मग ताट आपल्या हातात घेतलं, दुसऱ्या हातानं आजीचा हात धरला आणि रांगेच्या बाहेरून, दोरी उचलून, तिला थेट ओट्यापाशी आणलं. वाटेत एक बाई म्हणाली, "एक्स्क्यूज मी, इथे लाइन आहे." हे म्हणाले, "ह्यांच्याकडे पास आहे."

आजीनं निवद ठेवला. घाई केली नाही. नारळ पेव्हर ब्लॉकवरच फोडला, पाणी उडालं. मग तिनं ओट्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मागून कुणी चला म्हटलं नाही. आमच्या कुठल्याच यात्रेत मी असं दर्शन पाहिलं नव्हतं, आणि मला रडू आलं.

'चांगभलं'चा गजर झाला आणि पालखी चटकन उठली. ह्यांनी त्यातल्या एका पोराला हळूच विचारलं, "खरंच जड झाली होती का रे?"

"काका, आजीला सोडून उचलायची म्हंजी जडच की," तो म्हणाला.

पंचानं जाताना सांगितलं की मान आहे तिथंच राहील. पालखीमागोमाग आजी गर्दीबरोबर बाहेर पडली. ढोलाच्या नादात वॉचमन बाहेर जाणाऱ्यांची नोंद करायला विसरला.

संध्याकाळी दोघांच्याही फोनवर सूचना आली: 'आपले पाहुणे अजून आत आहेत. ते गेले असल्यास नोंद करा.' खाली दोन नावं, भैरवनाथ आणि आजी. ती सूचना अजून रोज येते, आणि आम्ही दोघंही तिला हात लावत नाही.