मरळीची पोरकी पिल्लं

गिरजाबाई लग्न होऊन वाकलटोलीत आली, तेव्हा सासऱ्यानं तिला पहिल्याच दिवशी तलाव दाखवला होता, शेत दाखवतात तसा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर उभं राहून तो म्हणाला होता, "हे आपलं वावर, पोरी. इथी नांगर नाई चालत, पन पीक कवाच बुडत नाई."

सासरा गेला आणि त्याच्या मागोमाग पीकही बुडत गेलं.

एकदम नाही बुडालं. मच्छीमार सोसायटीनं रोहू-कतल्याचं बीज सोडायला सुरुवात केली, सोबत गवत खाणारा मासाही सोडला. तो झपाट्यानं वाढायचा, वजनात भरायचा, आणि सिंदेवाहीचा व्यापारी पाळीवरूनच गाडीत घालून न्यायचा. पुरुष खूश होते. पण त्या माशानं थोड्याच वर्षांत तलावाचा तळ न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखा तुळतुळीत करून टाकला. काठानं बेशरमाची झुडपं माजली. दाडक, शिंगूर, झिंगे, मरळ ही सगळी घरची मासळी. बायका ती टोपलीत घेऊन आसपासच्या गावांत फिरायच्या, बदल्यात धान आणायच्या आणि उरलेली आपल्या चुलीवर रांधायच्या. ती हळूहळू दिसेनाशी झाली. पाळीवरच्या, पिढीजात मासेमार ढिवराच्या घरी पाहुणा आला, तर बाजारातून बर्फातले आंध्राचे मासे आणायची वेळ आली.

गिरजाबाईचं माहेर वैनगंगेच्या काठचं. तिथल्या एका जुन्या तलावात कुणी बीज सोडलं नव्हतं, म्हणून गवत होतं, आणि गवत होतं म्हणून मासळी होती. एका उन्हाळ्यात ती माहेराहून परतली, ती ओल्या पोत्यात देवधान, चिला ही पाणगवतं आणि पोवनाचे कांदे घेऊन. तलाव आटून काठचा चिखल उघडा पडला होता. शेजारच्या अंजनाबाईला आणि आणखी चार-सहा जणींना घेऊन तिनं बेशरम मुळापासून उपटली आणि त्या चिखलात पाणगवत लावलं, धान रोवतात तसं, वाकून, ओळीनं. पाळीवर बसलेले पुरुष हसले. "ढिवराच्या बायका आता पान्यात वावर करतेत," असं म्हणाले. तिचा नवरा मनसारामही त्यांच्यात बसला होता. तो हसला नाही, पण उठून खालीही आला नाही.

पहिल्या वर्षी गवत खाणाऱ्या माशानं निम्म्याहून जास्त फस्त केलं. बायकांनी पुन्हा लावलं, आणि सोसायटीच्या मागे लागून तो मासा सोडणं तेवढं बंद करवलं. दुसऱ्या पावसाळ्यात देवधान पाण्यावर डोलायला लागलं. त्यात झिंगे आले, मग दाडक, मग शिंगूर. एके सकाळी अंजनाबाई धुणं टाकून धावत आली आणि म्हणाली, "गिरजा, मरळीनं पिल्लं काढली वो. चल, पाय."

मरळीची पिल्लं सुरुवातीला शेंदरी असतात. हजारभर जीव एका गोळ्यात राहतात, आणि तो गोळा पाण्यावर आला की तिथं उकळी फुटल्यासारखं दिसतं. खाली नर आणि मादी पहारा देत असतात. बेडूक येवो, साप येवो, ती अंगावर जातात, जागा सोडत नाहीत. मरळ धरायला याहून सोपी वेळ नसते. गोळ्याच्या मधोमध गरी, म्हणजे गळ टाकला की मरळ चिडून त्याच्यावर तुटून पडते आणि अडकते. मागची पिल्लं मग दोन दिवसांत सगळे मिळून खातात. आजवर सगळे अशीच धरत आले होते. गिरजाबाईच्या सासऱ्यानंही धरल्या होत्या. तेव्हा मरळी इतक्या होत्या, की कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

सोसायटीच्या सभेत गिरजाबाईनं तोंड उघडलं ते याच गोष्टीसाठी. अध्यक्ष लटारूभाऊ भला माणूस होता, पण बाईनं सांगितलेली गोष्ट त्याच्या घशाखाली लवकर उतरत नसे.

"मासे नाई धराचे, त ढिवरानं काय कराव?" तो म्हणाला. "भजन?"

"सबन मासे कोन म्हनते, भाऊ? पिल्लं राखून राह्यलेली मरळ तेवढी सोडा. ते पिल्लं टाकून पळत नाई, म्हनून आपल्याले सापडते. तिच्या मायेचाच आपन फायदा घेतो."

गिरजाबाईनं जमवून आणल्यामुळे त्या दिवशी सभेत बायका जास्त होत्या. नियम झाला, पिल्लांवरची मरळ कुणी धरायची नाही. लटारूभाऊनं मान हलवली, पण जाता जाता म्हणाला, "पाहू किती दिवस चालते ते."

ते वर्ष नियम नीट चालला. मोडला तो त्याच्या पुढच्या वर्षी, आणि मोडला गिरजाबाईच्याच घरात.

गिरजाबाई-मनसारामची मुलगी मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई निकेश ऊर्जानगरला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. तो बायकोला सोडून, सासूच्या हातचं जेवून परत ड्यूटीवर गेला. मुलगी झाली. बाळ गुटगुटीत होतं, पण मयुरीच्या अंगात रक्त कमी. दवाखान्यातून गोळ्या घेऊन ती घरी आली, तरी दूध पुरेसं उतरेना. बाळ रडायचं, चोखून थकायचं, परत रडायचं. वरचं दूध पाजायला नर्सबाईनं साफ मनाई केली होती. "बाळाला पाजत राहा, आणि आईला चांगलं जेवू घाला," असं ती सांगून गेली होती.

मनसारामची आई रुखमाबाई खाटेवर बसून दोन दिवस पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मरळ पायजे. ढिवराची बाळंतीन मरळीच्या रस्स्यावर उठते. मी बी तशीच उठली, तू बी तशीच उठली. हिनं काय पाप केलं?"

गिरजाबाईनं शिंगूर आणून रांधले, मेथी घातली, जवस कुटला. मरळीसाठी मनसाराम सकाळी जाळं घेऊन जायचा आणि रिकाम्या हातानं यायचा. तलाव तुडुंब होता, पाणी धानाच्या बांध्यांत पसरलं होतं, मोकळ्या फिरणाऱ्या मरळी त्या पाण्यात कुठंच्या कुठं गेल्या होत्या. ठावठिकाणा होता तो एकाच जोडीचा, देवधानात पिल्लं राखणाऱ्या.

गिरजाबाई त्या दिवशी रोवणीच्या मजुरीला गेली होती. संध्याकाळी कंबर धरत घरी आली, तर अंगणात पळसाच्या पानांवर मरळ पडली होती, हातभर लांब, काळीशार. मनसाराम बाजूला उकिडवा बसला होता.

"कुठची होय?" तिनं विचारलं.

"तलावातली."

"ते मले बी समजते. कुठची?"

मनसारामनं मातीत काडी ओढली. "देवधानातली," तो म्हणाला. "नात रडून राह्यली होती, गिरजा. रडता रडता तिचा आवाजच बसला. मी पिल्लं पाहू का पोट्टी पाहू?"

त्याच्यावर ओरडावं असं गिरजाबाईला वाटलं, पण आत बाळ चिरक्या आवाजात रडायला लागलं तसं ते राहून गेलं. तिनं विळी घेतली, राखेत मासा घोळला आणि कापायला बसली. कमी तिखटाचा रस्सा केला. मयुरी दोन वाट्या प्यायली, अंगाला घाम आला, गालांवर जरा तजेला दिसला.

"आई, तू काऊन नाई जेवत?" तिनं विचारलं.

"भूक नाई. थकली आहो."

रुखमाबाईनं सुनेकडं पाहिलं.

सकाळी गिरजाबाई तलावावर गेली. शेंदरी गोळा विस्कटला होता. पिल्लं झुबक्याझुबक्यांनी गवताच्या आडोशाला लपत होती, वर श्वास घ्यायला आली की बगळे टिपत होते. एक पाणकावळा पुन्हा पुन्हा बुडी मारत होता. जोडीतली दुसरी मरळ कुठं दिसली नाही. घाटावर अंजनाबाई आणि इतर बायका होत्या. गिरजाबाई त्यांच्याजवळ गेली आणि कुणी विचारायच्या आधी म्हणाली, "देवधानातली मरळ आमच्या घरी गेली. काल रांधली मी."

अंजनाबाईनं हातातलं लुगडं पिळलं, झटकलं, आणि मग म्हणाली, "माह्या घरी बाळंतीन असती, त मी बी हेच केली असती. पन आता लटारू बसेल का गप?"

लटारू गप बसला नाही. दुपारी तो अंगणात येऊन उभा राहिला. "बाई, नेम आमच्यासाठीच होता का? तुमच्या घरी चालत नाई, त सबनले मोकळं करून टाकू. दोन पोट्टे आत्ताच गरी घेऊन विचारून राह्यले मले."

गिरजाबाई बोलणार, तोच मनसाराम आतून आला. "लटारूभाऊ, मी धरली. हिले माईत नोहतं. सभेत जे ठरन ते मले कबूल. पन नेम मोडू नोका. मी मोडला, म्हनून गावानं काऊन मोडाव?"

"ऐतवारी सभा लावतो," लटारू म्हणाला आणि निघून गेला.

तो गेल्यावर मनसारामनं खुंटीची जुनी मच्छरदाणी काढली, खांद्यावर टाकली आणि तलावाची वाट धरली. गिरजाबाईनं पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि त्याच्या मागे गेली. दोघं छातीएवढ्या पाण्यात उतरली. एका बाजूनं त्यानं मच्छरदाणी धरली, दुसऱ्या बाजूनं तिनं. जितकी पिल्लं हाती लागली, तितकी अलगद उचलून घागरीत घातली. बांधावरच्या त्यांच्या लहानशा बोडीत, म्हणजे धानाला पाणी द्यायला खोदलेल्या खड्ड्यात, ती नेऊन सोडली. वर मच्छरदाणी ताणून बांधली, कडेनं बोरीच्या फांद्या रोवल्या. एवढ्या वेळात दोघांमध्ये "इकडून धर" आणि "हळू" यापलीकडे बोलणं झालं नाही.

आणि मग मनसाराम त्या पिल्लांचा मायबाप झाला. शेण कालवून त्यानं बोडीचं पाणी हिरवट केलं, म्हणजे त्यात बारीक किडे होतील. उकडलेल्या अंड्याचा बलक कपड्यातून गाळून टाकला. पिल्लं जरा मोठी झाली तशी वारुळं फोडून उधई, म्हणजे वाळवी आणायला लागला. बगळा बसला की धावायचा. रोवण्या सरल्या, निंदण आलं, पण त्याचा एक डोळा बोडीवरच. मरळीची पिल्लं खादाड, मोठी झाली की लहान भावंडांनाच खातात. ते पाहून त्यानं बोडीच्या मधोमध जाळीचा पडदा लावला आणि मोठी एकीकडं, लहान एकीकडं केली. एकदा तो बायकोला म्हणाला, "एवढा कुटाणा ते मरळ बिनहातापायाची करत होती, गिरजा." ती हसली. त्या घटनेनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहून हसली होती.

पिल्लं बोडीत सोडल्यानंतरच्या ऐतवारची सभा मात्र वेगळ्याच वळणानं गेली होती. लटारूनं गोष्ट मांडली, मनसारामनं चूक कबूल केली. कुणी म्हणालं, त्याला तलावावर वर्षभर बंदी करा. कुणी म्हणालं, नियमच काढून टाका. तेव्हा मागे काठी टेकून बसलेली रुखमाबाई बोलली. सभेत ती कधी येत नसे.

"नेम माह्या सुनेनं केला, चांगला केला. पन बाळंतीन तुमी सबन विसरले. पयले तलावात मरळच मरळ होती, बाळंतिनीसाठी कोनाच्या पिल्लांवर हात टाकाव लागत नोहता. आता मरळ थोडी, आन् बाळंतिनी त येतच राहतीन. तिचं काय कराचं ते सांगा. नाई त आज माह्या पोरानं मोडला, उद्या तुमचा मोडन."

गिरजाबाई खाली मान घालून ऐकत होती. नियम करताना तिनं माशाचा विचार केला होता, पाण्याचा केला होता, गवताचा तर रोजच करत होती. चुलीपाशी बसलेल्या बाईचा केला नव्हता, आणि ती स्वतः त्याच चुलीपाशी बसत होती. ती उठली आणि म्हणाली, "आत्याबाईचं बरोबर आहे. माह्याकडून राहून गेलं. आमच्या बोडीत पिल्लं आहेत. मोठी झाली की थोडी बोडीतच ठेवू, बाकीची तलावात सोडू. ज्याच्या घरी बाळंतीन असन, त्यानं बोडीतली न्याव. पिल्लांवरच्या मरळीले हात नाई लावाचा."

"आन् बोडी कोन राखन?" लटारूनं विचारलं.

"मी," मनसाराम म्हणाला.

लटारूभाऊनं मिशी चोळली. "पाहू एक साल," म्हणाला.

दिवाळीनंतर बोडीतलं पाणी उतरलं तेव्हा वीतभराच्या मरळी हाती आल्या. जितक्या सोडल्या होत्या, त्याच्या मानानं अगदी थोड्या; बाकीच्या आपसात खाल्ल्या गेल्या, बगळ्यांनी नेल्या, काही उगाचच मेल्या. मनसारामला वाईट वाटलं, पण अंजनाबाई म्हणाली, मायबाप असते तरी सगळी कुठं जगतात. त्यांनी निम्म्याहून जास्त तलावात सोडल्या, उरलेल्या बोडीतच वाढू दिल्या. मयुरी त्या आधीच बाळाला घेऊन ऊर्जानगरला गेली होती. बाळ आता पालथं पडायला लागलं होतं, असं फोनवर सांगत होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पलीकडच्या गावाचे लोक अजून आडवेळी जाळं टाकून जातात. एका वर्षी पाऊस कमी पडला, तेव्हा गवत उघडं पडून वाळलं आणि बायकांना मजुरी बुडवून पुन्हा लावावं लागलं. सोसायटीत गवत खाणारा मासा परत सोडायची भाषा दरवर्षी कुणीतरी करतोच, आणि गिरजाबाईला दरवर्षी तेच तेच बोलावं लागतं. पण पिल्लांवरच्या मरळीला वाकलटोलीत कुणी गरी लावत नाही. गेल्या पावसाळ्यात लटारूभाऊच्या सुनेला मुलगा झाला. तेव्हा तो स्वतः बोडीवर आला, मरळ घेतली, आणि ती पिशवीत घालता घालता मनसारामला म्हणाला, "बोडी जराशी मोठी करा लागन गा. खोदाले मी बी येईन."

तो आलाही. उन्हाळ्यात दोघांनी मिळून बोडी खोल केली. यंदा पाळीवरच्या दोन घरांत सुना पोटुशा आहेत, आणि मनसाराम सकाळपासून उधईसाठी वारुळं शोधत फिरतो आहे.