फेटा काढला तवा शिंगरू जवळ आलं

मित्रहो, आज पार थकलो. जठारपेठेतली दुपारची वरात आटपून घोडी घेऊन घरी आलो, तं डीजे कानात अजून वाजूनच राहिला होता.

आमची घोडी राणी वरातीत नाचते. तिचं शिंगरू घरीच असते. त्यानं अजून एकबी वरात पाह्यली नाई. त्याच्या पायाले खिळा लागला, म्हणून आल्या आल्या मलमाची डबी घेऊन मी गोठ्यात गेलो. तं ते कान मागे टाकून थेट भिंतीले चिकटलं. गूळ दाखवला, लय चुचकारलं, जवळच येईना. माह्या अंगात तं उभं राहाचंबी त्राण नोतं.

बायको दारातून पाहून राहिली होती. म्हणे, "अजी, त्याच्याकडे काय पाहता? त्याच्या मायकडे पाहा."

राणीनंबी कान मागेच टाकले होते. तिची नजर माह्या डोक्यावर. वरातीचा जरीचा फेटा मी काढलाच नोता.

फेटा बाहेर ठेवून आलो. जरा वेळानं राणीनं मान खाली केली, कडब्याले तोंड लावलं. मंग शिंगरू आपसूक आलं, हातातला गूळ खाल्ला, मलम लावू देलं.

मी लोकायले नेहमी सांगतो, राणीले नाचाचा लय शौक आहे. तिनं आपल्या लेकराले काय सांगतलं, ते आज समजलं.

उद्या पुन्हा वरात आहे. फेटा बांधून तिच्यासमोर कसा जाऊ, तुमीच सांगा.